गाणं नको, नुसता ताल द्या

वेम्बलीच्या ईलिंग रोडवर न मिळणारी एक वस्तू सांगा आणि माझ्याकडून मसाला पान खाऊन जा. अळूची पानं मिळतात, कोवळी भेंडी मिळते, मे महिना आला की हापूसच्या पेट्या थेट फुटपाथवर उतरतात. शालू मिळतो, शालूवर शोभेल असा हार मिळतो, हार घातल्यावर लागणारी दृष्ट काढायला मीठमोहरीही मिळते. २०१० मध्ये उघडलेलं दगडी कोरीवकामाचं मोठं मंदिर याच रस्त्यावर आहे, तिथं मनःशांतीही मिळते. मला मात्र या अख्ख्या रस्त्यावर एक साधी गोष्ट मिळाली नाही. दहा मिनिटांचा नुसता ढोल. वर गाणं नको, मागे बासरी नको, मधेच कुणी बायकांना उत्साह द्यायला ओरडायला नको, आणि ज्या वेगात सुरू झाला त्याच वेगात संपायला हवा. मागणी इतकीच. ती ऐकल्यावर दुकानदार ज्या नजरेनं बघतात, ती नजर मी पूर्वी फक्त भाजीवर कढीपत्ता फुकट मागितल्यावर पाहिली होती.

ढोल हवा होता बेली डान्सच्या सरावासाठी. हे वाक्य आता मी न अडखळता म्हणते. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा फोनवर पुण्याची मावशी होती. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, "पैशाची काही अडचण आहे का गं?"

मावशीला मी इतिहास सांगितला. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच निमित्तानं सर्वधर्म परिषद झाली आणि स्वामी विवेकानंद बोलले. त्याच प्रदर्शनात कैरोतला एक रस्ता उभा केला होता आणि तिथं हाच नाच बघून अमेरिका खुळावली.

"स्वामीजी गेले होते का तो बघायला?"

"अगं, ते भाषणाला आले होते."

"मग तूही भाषणाचा क्लास लाव."

खरं कारण कंबर. डॉक्टर म्हणाले, कंबर हलती ठेवा. झुंबानं गुडघे बोलायला लागले. योगासनांत मला शवासनाच्या आधीच झोप लागते. पोहायचं म्हटलं तर रोज केस कोण वाळवणार? चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी बेली डान्सचा वर्ग चालतो, आणि तो हॉल आमच्या घरापासून उतारावर आहे, यात माझा निर्णय झाला. जाताना उतार, येताना बस.

आमच्या बाई इंग्लिश आहेत. निवृत्त होण्यापूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे कंबरेनं आठचा आकडा काढायला सांगतात तेव्हा तो नीट बंद झालाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. माझ्या आठाचा बहुतेक वेळा सहा होतो. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे गृहपाठ: रोज दहा मिनिटं, नुसत्या दरबुक्यावर. दरबुका म्हणजे मांडीवर आडवा धरून वाजवायचा, पेल्याच्या आकाराचा, एका तोंडाचा ढोल. मधोमध थाप पडली की 'दुम', काठावर पडली की 'तक'. या दोन अक्षरांत अख्खा संसार. मकसूम म्हणजे दुम तक, तक दुम, तक. सईदीत मधे दोन दुम लागोपाठ येतात. हा वरच्या इजिप्तचा ताल, याच्यावर काठी घेऊन नाचतात. मलफूफ लगबगीचा, नर्तकी मंचावर येताना आणि जाताना वाजतो. मला यातला जाण्याचा भाग लगेच जमला.

"गाण्यावर नाचलात तर गाणं तुम्हाला ओढून नेतं, चूक कळत नाही. नुसत्या तालावर लपायला जागा नसते," बाई म्हणाल्या. मला नेमकी लपायलाच जागा हवी असते, पण गणिताच्या बाईंशी वाद घालायचा नाही हे मी सातवीत शिकलेय.

तेव्हा सराव दुसऱ्या दिवसापासून सुरू करायचं ठरलं. फक्त आधी चांगलं रेकॉर्डिंग मिळायला हवं होतं. नव्या डायरीशिवाय संकल्प, नव्या बुटांशिवाय चालणं आणि नव्या तव्याशिवाय घावन ज्यांनी कधी सुरू केलं नाही, अशा घराण्यातली मी आहे. साधनं आधी, साधना नंतर.

ईलिंग रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकान कॅसेटच्या काळातलं. आता पुढे मोबाईलची कव्हरं आणि चार्जर लटकतात, पण मागच्या फळीवर सीडी अजून तग धरून आहेत. "काका, ढोल जोइए छे. गीत नहीं." वेम्बलीत इतकी वर्षं राहून माझं गुजराती एवढंच वाढलंय. काकांनी क्षणभरही विचार न करता एक सीडी काढली. "नॉनस्टॉप दांडिया, बेन! पूरो एक कलाक!" मी पुन्हा सांगितलं, गीत नको. काका म्हणाले, गीत ऐकू नका ना, ढोल ऐका. या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. काकांनीच मुलाकडून ती गाणी माझ्या मोबाईलवर घालून दिली. घरी येऊन लावली. पहिल्या मिनिटाला माझी कंबर इजिप्तमध्ये होती. तिसऱ्या मिनिटाला माझ्या एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात उलथनं होतं आणि मी सोफ्याभोवती गोल फिरत होते.

मग एजवेअर रोड. वेम्बली सेंट्रलला बेकरलूच्या तपकिरी लाइनीची गाडी पकडली की मधे कुठंही न बदलता एजवेअर रोडला उतरता येतं. दोन्हीकडे अरबी पाट्या, शॉर्माच्या फिरत्या सळया, फुटपाथवर हुक्क्याची गुडगुड. तिथल्या एका छोट्या दुकानात एक वयस्कर इजिप्शियन गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, गाणं कुणाचं देऊ?

"कुणाचंच नको. नुसता तबला." इजिप्तमध्ये दरबुक्याला तबला म्हणतात. ही माहिती नंतर आमच्या घरी पोचली आणि जे रामायण झालं ते येईलच.

"उम्म कुलसुम?"

"गाणं नकोय मला."

त्यांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले. "मॅडम, उम्म कुलसुम गात असताना तुम्हाला तबला ऐकायचाय?"

उम्म कुलसुम यांची एकेक चीज तासभर चालायची, लोक एकच ओळ पुन्हा पुन्हा गायला लावायचे, आणि १९७५ मध्ये त्या गेल्या तेव्हा कैरोचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. त्यांचं गाणं वगळून तबला मागणं म्हणजे पंढरपुरात उभं राहून 'टाळ तेवढे द्या, विठ्ठल राहू दे' म्हणण्यासारखं होतं. गृहस्थ सज्जन. त्यांनी मला चहा पाजला, उम्म कुलसुमचीच एक सीडी कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाले, "आधी हे ऐका. मग तबला मागायला या." मी पैसे दिले. श्रद्धेच्या ठिकाणी घासाघीस करत नाहीत.

घरी आल्यावर लक्षात आलं, की घरात सीडी लावायला यंत्रच उरलेलं नाही. लॅपटॉपला आता भोक नसतं. शेवटी सीडी चालेल अशी एकच जागा निघाली, ती म्हणजे आमची जुनी गाडी. बसून कंबरेचा सराव होत नाही, म्हणून मी खांद्यांचा घेतला. गाडी घरासमोर उभी, काचा बंद, आणि आत मी खांदे थरथरवत बसलेली. तो नेमका स्टेडियममधल्या सामन्याचा दिवस. अशा दिवशी वेम्बलीत परवान्याशिवाय गाड्या लावता येत नाहीत, त्यामुळे पार्किंगवाले गल्लोगल्ली फिरत असतात. त्यातल्या एकानं आधी काचेवरचा परवाना तपासला, मग मला तपासलं, आणि टकटक केली.

"मॅडम, बरं आहे ना? हीटर बिघडलाय का?"

मी काच खाली केली. सगळा वाद्यवृंद रस्त्यावर आला. तोवर व्हायोलिनंच चालली होती. उम्म कुलसुम यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

मोबाईलवर शोधावं तर तिथं ढोलांचा पूर. एका रेकॉर्डिंगमध्ये गृहस्थ ढोल वाजवण्याआधी ढोल कसा निवडावा यावर इतकं बोलतात, की ऐकता ऐकता माझी भाकरी करून झाली. दुसऱ्यावर 'अगदी हळू, नवशिक्यांसाठी' असं लिहिलंय. त्या वेगात नाचणारा नवशिका मला एकदा बघायचाय. तिसरं मात्र सर्वगुणसंपन्न निघालं. मकसूम, मध्यम लय, गाणं नाही, बोलणं नाही. फक्त दीड मिनिटाचं. ते पुन्हा पुन्हा वाजेल अशी व्यवस्था केली, तर जोडाच्या जागी निमिषभर शांतता पडायची. तेवढ्यात माझी कंबर उजवीकडे गेलेली असायची आणि परत कधी यायचं हे तिला कुणी सांगितलेलं नसायचं. शिवाय थोड्या थोड्या वेळानं जाहिरात. माझं वय मोबाईलला कसं कळलं कोण जाणे, पण जाहिरात नेहमी अंत्यविधीच्या विम्याची. आता टीव्हीवरसुद्धा कुणी गंभीर चेहऱ्यानं 'आपल्यामागे आपल्या माणसांवर खर्चाचा भार पडू नये' असं म्हणायला लागलं, की माझे खांदे आपोआप हलायला लागतात.

एव्हाना माझी रेकॉर्डिंगांची वही तयार झाली होती. तालाचं नाव, वेग, गाणं आहे की नाही, मधे शिट्ट्या मारतात का, आणि शेरा. रकाने पट्टीनं आखलेले. बाईंना दाखवली. गणिताच्या माणसाला रकान्यांचं प्रेम असतंच. त्यांनी ती वर्गभर फिरवली. मग विचारलं, "आणि सराव?"

"तो वही पूर्ण झाली की."

बाईंनीच मग होस्साम रम्झी हे नाव सांगितलं. रम्झी कैरोचे, जन्म १९५३ चा, आणि इंग्लंडात येऊन नावारूपाला आले. पीटर गॅब्रिएलबरोबर वाजवलं, १९९४ मध्ये लेड झेपलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांच्याबरोबर वाजवलं. एवढ्या मोठ्या मंचांवरून उतरून हा माणूस नाचणाऱ्या बायकांसाठी एकेक ताल सुटा करून, नाव सांगून, नीट वाजवून ठेवायचा. २०१९ मध्ये ते गेले. बेली डान्स शिकणाऱ्या कितीतरी जणींना मकसूम आणि सईदी यांतला फरक या माणसामुळे कळला, असं बाई म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलतो.

म्हणजे मला हवं होतं ते अखेर मिळालं. अडचण एवढीच होती, की माणूस फारच चांगला वाजवतो. पहिल्या दिवशी म्हटलं, आधी नुसतं ऐकू या. चहा घेतला. काठावरच्या बोटांच्या हलक्या नक्षीत दुम नेमका कुठं पडतो ते शोधता शोधता माझी बोटं टेबलावर वाजायला लागली, मान डोलायला लागली, पाय ठेका धरायला लागला. कंबर सोडून सगळ्या अवयवांचा उत्तम सराव झाला.

तिथंच मला अय्यूब भेटला. दोन मात्रांचा, धापा टाकत पळणारा ताल. इजिप्तमध्ये झार नावाचा विधी असतो. अंगात शिरलेल्याला शांत करायला बायका याच तालावर घुमतात. मंचावर त्याचा नाच होतो तेव्हा केस मोकळे सोडून मान गरगर फिरवायची असते. म्हटलं, हे आठचा आकडा काढण्यापेक्षा सोपं.

तेव्हा सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आल्या होत्या. त्या दिवशी त्या शेजारच्या बेनबरोबर मंदिरात गेल्या होत्या आणि थंडीमुळे लवकर परतल्या. दार उघडतात तर सून गुडघे टेकून, केस सोडून घुमतेय आणि मागे ढोल लागलेला. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. सासूबाईंनी चपला काढल्या, देवघरातून कुंकवाची कोयरी आणली, माझं कपाळ धरून मळवट भरला आणि हात जोडून विचारलं, "कोण आहेस तू आई? काय पाहिजे तुला?"

मला धाप लागलेली. तोंडातून एवढंच निघालं, "ढोल... नुसता ढोल पाहिजे."

"देऊ गं आई, देऊ. आणि धाकट्याच्या फ्लॅटचा ताबा कधी मिळेल?"

"वेग... कमी करा..."

"म्हणजे उशीर आहे," सासूबाईंनी वळून बेनना सांगितलं. बेननी पर्स उघडली आणि माझ्यापुढे पाच पौंडांची नोट ठेवली.

नंतर मी दोघींना सगळं समजावून सांगितलं. झार काय, अय्यूब काय, इजिप्त कुठं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यापरीस आपला संबळ बरा. देवी लवकर येते." पण अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी त्या माझ्याशी जरा अदबीनं बोलतात. पाच पौंड मी परत केलेले नाहीत.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे शाळेत असताना तबला शिकले आणि गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिकेपर्यंत पोचले. तबला पुण्यात राहिला, मतं वेम्बलीत आली. "इजिप्तमध्ये या ढोलालाच तबला म्हणतात," असं मी जेवताना बोलून गेले आणि ह्यांच्या हातातला घास थांबला. "लाव बघू."

मी मकसूम लावला.

"हा केरवा आहे."

सईदी लावला. "हाही केरवाच." मलफूफ लावला. "केरवा. घाईतला." मसमूदी कबीर हा लांबरुंद, भारदस्त ताल आहे, म्हटलं हा तरी सुटेल. ह्यांनी डोळे मिटून ऐकला. "केरवा, पण वाजवणारा दमलाय." जगात केरवा आणि दादरा हे दोनच ताल खरे, बाकीचे परीक्षेपुरते, असं त्यांचं स्वच्छ मत आहे. "एवढं शोधत काय बसलीस? मी वाजवून देतो."

वाद्य म्हणून पिठाचा स्टीलचा डबा निवडला. डबा निम्मा भरलेला असला की दुम घुमतो आणि तक खणखणतो, हा शोध त्यांचाच. मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. सुरुवात खरोखर चांगली झाली. दुसऱ्या मिनिटापासून लय चढायला लागली.

"अहो, वेग वाढतोय."

"रंगतंय म्हणून वाढतोय."

"मला एकाच वेगात हवंय."

"मग घड्याळ लाव."

या संवादासकट रेकॉर्डिंग चालू होतं. गॅसवर कुकर होता, त्यानं शिट्टी दिली. ह्यांनी ती समेवर आली असं धरून पुढचं आवर्तन उचललं. पुढची शिट्टीही, देवाशप्पथ, समेच्या आसपासच आली. मग गृहस्थांना तिहाई घ्यायची हुक्की आली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वेम्बली स्टेडियमची १३३ मीटर उंच कमान दिसते. उन्हाळ्याची संध्याकाळ, खिडकी उघडी, आत ९० हजारांच्या स्टेडियममध्ये सामना रंगलेला. ह्यांनी तिहाईचा शेवटचा 'धा' डब्यावर मारला आणि त्याच क्षणी तिकडे गोल झाला. जो जल्लोष उठला, त्यानं फळीवरचे पेले वाजले. ह्यांनी डबा खाली ठेवला, खिडकीकडे वळले आणि कानाच्या पाळीला हात लावला.

"पुन्हा घेऊ या. शिट्ट्या आल्यात, बोलणं आलंय," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? अशी दाद परत मिळायची नाही."

गुरुवारी वर्गात मी वेगळंच काहीतरी लावणार होते, पण मोबाईलनं आपणहून हेच निवडलं. डब्याचा ठेका सुरू झाला. बायकांनी कंबरा सैल सोडल्या. पहिली शिट्टी झाली आणि अख्ख्या वर्गाची उजवी कंबर एकदम खाली आली. मला वर्गात असं एकमत पूर्वी कधी दिसलं नव्हतं. पुढच्या शिट्टीला डावी. लय चढत गेली तसे चेहरे लाल झाले, आणि शेवटचा जल्लोष आला तेव्हा एक पोलिश मैत्रीण नकळत वाकून अभिवादन करून मोकळी झाली.

"ते शिट्टीचं वाद्य कोणतं? फार वेळेवर येतं," बाईंनी विचारलं.

"प्रेशर कुकर."

"तुमच्याकडे तो तालवाद्यांत धरतात?"

"आमचा डाळभात त्याच्याच तालावर होतो," मी म्हणाले. बाईंनी ते माझ्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहून टाकलं.

तेव्हापासून वर्गात 'कुकरवाला' मागून लावतात. दोघीतिघींनी घरी सरावाला म्हणून नेलाय. हे ऐकून आमच्या ह्यांची चालण्याची ढब बदलली. पिठाच्या डब्याला आता मी पोळ्यांपुरताच हात लावते, तोही विचारून.

मागच्या आठवड्यात बाईंनी जाहीर केलं, की पुढच्या सत्रात तुर्की करशिलामा घ्यायचा. नऊ मात्रा. दोन, दोन, दोन आणि तीन. "तुमच्या मिस्टरांना विचाराल का?" मी घरी येऊन निरोप दिला. ह्यांनी डबा पुढ्यात ओढला, बोटांवर मोजलं, थांबले, परत मोजलं. पोळ्या खोळंबल्या. सासूबाईंनी आतून विचारलं, आज जेवायचं आहे का. ह्यांनी मला खऱ्या तुर्की वादकाचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. मिळायला वेळ लागला नाही. वहीत होतंच, 'गाणं नाही, शिट्ट्या नाहीत, उत्तम' असा शेरा मारून, एकदाही न वापरलेलं. ह्यांनी ते डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला लावलं. मग डोळे उघडून, एखाद्याची चूक चारचौघांत सांगायला नको अशा हळू आवाजात म्हणाले,

"केरवाच आहे. ह्यांचा तबलजी एक मात्रा जास्त वाजवतोय."

"प्रत्येक आवर्तनाला?"

"प्रत्येक. रियाज कमी पडतो."